मुलगी विज्ञानात टिकावी म्हणून

मुली विज्ञानाकडे वळत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन अकरावी सायन्सचा वर्ग बघा, निम्मे बाक मुलींनी भरलेले दिसतील. बोर्डाच्या निकालात मुलींनी बाजी मारल्याच्या बातम्या तर दर वर्षी येतात. देशात विज्ञान-तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलं आहे. पण प्रत्यक्ष संशोधनाच्या कामात असलेल्या माणसांत बायका किती, असं विचारलं तर उत्तर येतं साधारण सहांत एक. मधल्या मुली गेल्या कुठे? त्या काही नापास झालेल्या नाहीत.

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आहे. हुशार मुलगी विज्ञानातून बाहेर पडते ती सहसा मार्कांमुळे नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. घरात, जेवताना, पाच मिनिटांत झालेल्या निर्णयांमुळे ती बाहेर पडते. ‘गणित जड जातंय ना, मग सोड.’ ‘जवळचंच कॉलेज बरं.’ ‘मुलींना ती ब्रँच नको.’ ‘लग्नानंतर बघू.’ हे बोलणारी माणसं मुलीचं वाईट चिंतणारी नसतात, बहुतेक वेळा काळजीपोटीच बोलतात. म्हणून हा लेख त्या निर्णयांबद्दल आहे. पालकांसाठी आहे, आणि ज्या मुलीला स्वतःची बाजू घरात मांडायची आहे तिच्यासाठीही.

पहिला निर्णय दहावीनंतर लगेच येतो. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवायचे की एक सोडायचा? ‘डॉक्टर व्हायचंय, मग गणित कशाला’ असं म्हणून कितीतरी मुली गणित सोडून भूगोल घेतात. दोन वर्षांनी मेडिकलची ‘नीट’ प्रवेश परीक्षा होते. राज्यातल्या सरकारी मेडिकलच्या जागा आणि परीक्षेला बसणारी मुलं यांचं प्रमाण बघितलं, तर बहुतेकींना हवी ती जागा मिळत नाही हे उघड आहे. त्या वेळी लक्षात येतं की गणित नसल्यामुळे इंजिनिअरिंग गेलं, संगणकशास्त्राच्या बहुतेक पदव्या गेल्या, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्रही गेलं. सतरा वर्षांच्या मुलीसमोरची निम्म्याहून अधिक दारं एका विषयामुळे बंद होतात. तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे: मेडिकलची कितीही ओढ असली तरी गणित ठेवा. अभ्यास वाढतो, हे खरं आहे. पण वाढलेला अभ्यास दोन वर्षांचा असतो.

आणि ‘गणित जड जातं’ म्हणजे नेमकं काय, ते एकदा तपासा. माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्याने येणाऱ्या दहा मुलींपैकी सात-आठ जणींचं घोडं अकरावीच्या त्रिकोणमितीत अडलेलं नसतं, सातवी-आठवीच्या अपूर्णांकांत आणि बैजिक राशींत अडलेलं असतं. त्या वेळी आजारपणात शाळा बुडालेली असते किंवा शिक्षक बदललेले असतात. बालभारतीची जुनी पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत रोज तासभर आठवीचं पुस्तक पहिल्या पानापासून सोडवायचं. ‘मोठी झाल्यावर आठवीचं काय करायचं’ असं वाटू देऊ नका. क्लासची हजारो रुपयांची फी भरण्याआधी हे करून बघा.

रोहिणी गोडबोले यांचं उदाहरण मी मुलींना नेहमी सांगते. कणभौतिकीतल्या जगभर मानल्या गेलेल्या या संशोधिका पुण्याच्या. त्या शिकल्या त्या मुलींच्या शाळेत त्या काळी खालच्या वर्गांत विज्ञान शिकवतच नसत, गृहविज्ञान असे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मात्र विज्ञान होतं. तेव्हा त्यांनी तो विषय वेगळा शिकून घेतला आणि शिष्यवृत्ती मिळवली. पुढे एस. पी. कॉलेज, मग मुंबईची आयआयटी, अमेरिकेत पीएच.डी. आणि बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देशातल्या स्त्री-वैज्ञानिकांच्या जीवनकथांचं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे २००८ साली आलेलं पुस्तक त्यांनीच राम रामस्वामींबरोबर संपादित केलं. शाळेच्या ग्रंथालयात ते असायलाच हवं. नसेल तर मुख्याध्यापकांकडे मागणी करा.

आता प्रयोगशाळेकडे येते. इथे शिक्षकांनाही थोडं बोलायचं आहे. आमच्याकडे प्रॅक्टिकलला चार-चार विद्यार्थ्यांचा गट असतो. मीटर ब्रिजचा प्रयोग चालू आहे असं समजा. गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत जॉकी तारेवर हलक्या हाताने टेकवत पुढे न्यायचा असतो, घासायचा नसतो. घासला तर तार सगळीकडे सारखी जाड राहत नाही आणि पुढच्या बॅचची रीडिंग चुकतात. हे ज्ञान वाचून येत नाही, बोटांना कळावं लागतं. पण टेबलाजवळ जाऊन बघितलं की जॉकी मुलाच्या हातात असतो, दुसरा मुलगा वायर घट्ट करत असतो आणि मुली निरीक्षण-तक्ता भरत असतात. ‘तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही.’ वर्षभर हेच चालतं. जर्नल तिचं सगळ्यांत सुंदर असतं, तोंडी परीक्षेत ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देते. आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस हातात आली की तिचा हात थरथरतो. मग ती स्वतःच ठरवून टाकते की आपल्याला हे जमणार नाही.

मी आता गटात कामं आळीपाळीने बदलते. ज्याने आज लिहिलं त्याने पुढच्या वेळी जोडणी करायची, आणि महिन्यातून एकदा मुलींचा वेगळा गट करायचा. शिक्षक हे करत नसतील तर मुलींनो, तुम्ही मागून घ्या. ‘सर, आज जोडणी मी करते’ एवढं वाक्य पुरतं. घरातही असंच आहे. फ्यूज गेला, इस्त्रीची वायर तुटली की टॉर्च धरायला मुलाला हाक मारली जाते आणि मुलीला चहा ठेवायला सांगितलं जातं. टॉर्च धरणारा निम्मं काम बघून शिकतो. पुढच्या वेळी मुलीला हाक मारा. मेन स्विच बंद करून तिच्याकडूनच प्लग उघडून घ्या. तीन पिनांपैकी वरची पिन लांब का असते, ते तिला विचारा. प्लग आत जाताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं, म्हणून ती लांब असते. हे तिने स्वतः शोधून काढलं, तर दहा व्याख्यानांचं काम होतं.

लहान वयातल्या मुलींसाठी अशा हाताने करायच्या विज्ञानाच्या जागा महाराष्ट्रात आहेत, आणि आपण त्यांचा पुरेसा उपयोग करत नाही. पुण्यात आयुका या संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे मुलं स्वतः खेळणी आणि उपकरणं बनवतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञानाचं मोठं प्रदर्शन भरतं आणि गावोगावच्या शाळांची मुलं प्रयोग घेऊन येतात. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा असते. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखतही होते, म्हणून मला ती इतर स्पर्धा परीक्षांपेक्षा जास्त आवडते. मराठीतूनही ती देता येते.

आता पैशांचं. या बाबतीत परिस्थिती खरोखर बदलली आहे, पण ही माहिती ज्या घरांत पोहोचायला हवी तिथे अजून नीट पोहोचलेली नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. आधी ती ५० टक्के होती. अट एक महत्त्वाची आहे: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. म्हणून ‘ओळखीने सीट मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागण्याआधी विचार करा, एका चुकीच्या प्रवेशाने चार वर्षांची फी अंगावर येते. काही ठिकाणी ‘आधी पूर्ण फी भरा, नंतर परत मिळेल’ असं सांगितलं जातं. तेव्हा शासन निर्णयाची छापील प्रत पुढे ठेवा, उत्तर लेखी मागा, आणि ते मिळालं नाही तर तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात तक्रार द्या.

याशिवाय एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, ‘प्रगती’ शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. तांत्रिक पदविका किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलीला, किंवा पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीला, निवड झाली तर वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. एका घरातल्या दोन मुलींना ती घेता येते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो, तर राज्याच्या सवलतींसाठी महाडीबीटी. दोन्ही पोर्टलं वेगळी आहेत आणि मुदतीही वेगळ्या. दोन शिष्यवृत्त्या एकाच वेळी चालतील का, ते दोन्हींच्या अटी वाचूनच ठरवा.

पण ऐन वेळी घोडं अडतं ते कागदांवर. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, आणि सगळ्यांत वेळखाऊ म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. यासाठी वडिलांच्या बाजूचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १९५०च्या, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१च्या आणि ओबीसींसाठी १९६७च्या आधीचा. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुनं खरेदीखत. आजोबांची शाळा कधीच बंद पडलेली असते, गावचं दप्तर तालुक्याला गेलेलं असतं, आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये तीन ठिकाणी तीन तऱ्हा असतात. हे शोधायला महिनोन्‌महिने जातात. बारावीचा निकाल लागल्यावर पळापळ सुरू केली तर प्रवेशाची फेरी निघून गेलेली असते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना कॉलेजमार्फत आधीच अर्ज करता येतो, तेव्हा अकरावीतच पुरावे गोळा करायला लागा. बँकेचं खातं मुलीच्या स्वतःच्या नावावर हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार कार्ड यांवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय का, तेही आजच पाहा. मी बघितलेल्या अडलेल्या शिष्यवृत्त्यांमध्ये नावाच्या घोटाळ्याचं कारण सगळ्यांत जास्त वेळा होतं.

पैशांपेक्षाही अवघड असतं ते अंतर. बारावीच्या वर्गात हे रोज दिसतं. प्रॅक्टिकल संपायला साडेपाच होतात आणि तिच्या गावाला जाणारी शेवटची एसटी पावणेसहाला सुटते. मुलगी अनुमापन अर्ध्यावर टाकून निघते, फ्लास्कमधला रंग बदलायला दोन थेंब राहिलेले असतात. याला उपाय आहे. पाच-सहा पालकांनी एकत्र यावं, कॉलेजकडून विद्यार्थिनींची संख्या, गावांची नावं आणि तासिकांच्या वेळा असलेलं पत्र घ्यावं आणि आगार व्यवस्थापकांना भेटावं. एकट्या पालकाच्या तक्रारीपेक्षा कॉलेजच्या लेटरहेडवरच्या पत्राला वजन असतं. प्राचार्यांना भेटून बाहेरगावच्या मुलींची बॅच दुपारच्या आत लावून घेता येते, आम्ही तशी लावतो. मागास तालुक्यांत शाळकरी आणि बारावीपर्यंतच्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या आहेत, बारावीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पासही आहे. हक्क आहेत, ते मागावे लागतात.

बारावीनंतर मुलगी घराबाहेर राहणार की नाही, हा प्रश्न ऑप्शन फॉर्म भरण्याआधी सोडवा. नंतर नको. मुलीला चांगले पर्सेंटाईल असतात, पुण्याचं चांगलं कॉलेज लागतं, आणि मग घरात बैठक बसून ते रद्द होतं, हे फार वाईट असतं. त्या फेरीतली चांगली जागाही जाते आणि मुलीचा धीरही. निवासाची सोय काय, ते आधी जाऊन बघा. मुलीला दूर पाठवायची पुरती तयारी नसलेल्या पालकांना मी दोन मार्ग सुचवते. एक म्हणजे केवळ मुलींसाठीच्या संस्था. महर्षी कर्व्यांच्या संस्थेचं पुण्यातलं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून आहे, जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचं उषा मित्तल तंत्रज्ञान महाविद्यालय आहे. दुसरा मार्ग दहावीनंतरच्या पदविकेचा. लातूर, यवतमाळ आणि तासगावला मुलींची शासकीय निवासी तंत्रनिकेतनं आहेत. तीन वर्षांची पदविका करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तोवर मुलीचा हात यंत्रावर बसलेला असतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम् आणि ओबीसी, विमुक्त-भटक्या व विशेष मागास प्रवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. जेवण-निवासासाठीची रक्कम थेट खात्यावर येते.

आयआयटीचा विचार करणाऱ्या मुलींनी हे ध्यानात ठेवावं: २०१८ पासून तिथे मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या आहेत, त्यामुळे मुलांच्या जागा कमी झालेल्या नाहीत. मुलीचं नाव सर्वांसाठीच्या आणि फक्त मुलींसाठीच्या, अशा दोन्ही यादींत येतं. ‘कोट्यातून आलीस’ असं कोणी हिणवलं तर मान खाली घालू नका. प्रवेश परीक्षेचा पेपर सगळ्यांना एकच होता.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी गणितात केटी लागणं, म्हणजे विषय राहणं, अगदी नेहमीचं आहे. मुलाला लागली तर घरात म्हणतात, ‘होतं असं, पुढच्या वेळी काढेल.’ मुलीला लागली की म्हणतात, ‘झेपत नाही तिला, परत आणा.’ कमला सोहोनींना हाच न्याय लावला गेला होता. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी बी.एस्सी. झालेल्या कमला, तेव्हाच्या कमला भागवत, बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणणार नाही, काम पटलं तरच पुढे बघू. मुलांना अशी अट नव्हती. त्या टिकल्या, त्यांचं काम बघून संस्थेने पुढे मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. आज कुठलीही संस्था अशी अट घालू शकत नाही. घरं घालतात. ‘एक वर्ष बघू’ ही अट मुलीच्या डोक्यावर ठेवून तिला पाठवू नका. मुलाला जितक्या वेळा पडायची मुभा आहे, तितकीच तिलाही द्या.

शाखा निवडताना पालकांचा ओढा कॉम्प्युटरकडे असतो. एसीत बसून काम, रात्री-अपरात्री साइटवर जायचं नाही, असा हिशेब असतो. कॉम्प्युटर वाईट नाही. पण जिला यंत्रांची आवड आहे तिला केवळ मुलगी म्हणून मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल किंवा भूशास्त्र नाकारू नका. १९७४ साली टेल्को कंपनीच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याबद्दल जाब विचारला. त्यांना मुलाखतीला बोलावलं गेलं आणि त्या टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात रुजू झाल्या. त्याच कंपनीच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, पुण्याच्या कारखान्यात आज मोटारी जुळवणारी एक संपूर्ण लाइन मुली चालवतात. त्यांतल्या पुष्कळजणी आयटीआय आणि पदविका केलेल्या आहेत. इलेक्ट्रिशियन, फिटर, सीएनसी या ट्रेडकडे ‘मुलांचे’ म्हणून बघण्याचे दिवस गेले. आणि ‘मुलीने फिरायचं काम घेऊ नये’ म्हणणाऱ्यांना नागपूरच्या अदिती पंत यांच्याबद्दल सांगा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या या संशोधिका १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया.

इंजिनिअरिंग आणि मेडिकल यांपलीकडे मूळ विज्ञान आहे, हे अनेक घरांना माहीतच नसतं. पुण्यात आयसर आहे, तिथला पाच वर्षांचा अभ्यासक्रम संशोधनासाठीच आखलेला आहे. त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते. मुंबईत अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठाने चालवलेलं मूलभूत विज्ञान केंद्र आहे, तिथला प्रवेश नेस्ट परीक्षेतून होतो. प्रश्न विचारायची सवय असलेल्या मुलीला या परीक्षांना जरूर बसवा.

शेवटचं वळण लग्नाचं आणि बाळंतपणाचं. याबद्दल मुली कॉलेजात असतानाच मोकळं बोलायला हवं. स्थळं बघायची वेळ आली की पगार, घर, जमीन विचारली जाते. तसंच ‘हिची बदली दुसऱ्या शहरात झाली तर?’ आणि ‘प्रयोग रात्री उशिरापर्यंत चालले तर?’ हेही विचारायला लाजू नका. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तेही उत्तरच आहे. कायद्याचं पाठबळ मुलींना माहीत असावं. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांपर्यंत रजा आणि प्रबंधासाठी दोन वर्षांची जादा मुदत मिळू शकते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर तक्रारीसाठी, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार लेखी आणि शक्यतो तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते.

आणि खंड पडला म्हणजे सगळं संपलं, असं मुळीच नाही. मंगला नारळीकर मुंबई विद्यापीठाच्या सुवर्णपदक विजेत्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन करणाऱ्या गणिती. १९६६ साली लग्न झालं, मग केंब्रिज, संसार, मुली. त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली ती १९८१ साली, संख्या-सिद्धांतासारख्या अवघड विषयात. पुढे बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही त्यांनी काम केलं. अशा खंड पडलेल्या स्त्रियांसाठी आज केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे. तिच्यात संशोधनासाठी पाठ्यवृत्ती मिळते, पेटंटच्या कामाचं वर्षभराचं प्रशिक्षणही मिळतं. पेटंटचं काम पुष्कळसं घरून करता येतं, आणि पेटंट एजंट व्हायला विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी लागतेच. लग्नानंतर दहा वर्षं घरी असलेल्या एखाद्या एम.एस्सी. झालेल्या वहिनीला, काकूला, शेजारणीला हे जरूर सांगा.

तुमच्या घरात दहावी-अकरावीतली मुलगी असेल, तर या रविवारी दोन कामं करा. तिच्या आधार कार्डावरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळवून पाहा, आणि आजोबांच्या शाळेतला उतारा काढायला कोण कधी जाणार, ते ठरवा. जाताना तिलाही बरोबर न्या. पुढचे सगळे अर्ज तिला स्वतःला भरता आले पाहिजेत.